खालची धाव

निघालो होतो आम्ही आत्याला गुळाची ढेप पोचवायला, एवढंच. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढे गावातली माणसं म्हणायला लागली की ही शिकलेली बहीणभावंडं विहिरीत काहीतरी करायलाच आली होती. तसं नव्हतं. सेहेचाळीस सालचा उन्हाळा होता. मी पुण्याहून परीक्षा देऊन घरी आले होते आणि मानसिंगदादा लढाईवरून परत येऊन दोन-चार महिनेच झाले होते. घरात बसून त्याला करमत नव्हतं. आईने ढेप बांधून दिली आणि म्हणाली, जा, रंगूआत्याला भेटून या.

आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं. आमच्याकडे पाटात म्हशी बसतात. आत्याला दिलेली माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. तिथे पाहुण्याला पाय धुवायला तांब्याभर पाणी मिळालं तर तो मोठा मान. एसटी वगैरे तेव्हा कुठली! दहिवडीपर्यंत खासगी सर्व्हिसची मोटार, तिथून बैलगाडी. वाटेत मेंढरं घेऊन खाली निघालेले तांडेच्या तांडे भेटले. गाडीवान म्हणाला, "आजून धा दिस, मग मान्सं बी निघत्यात."

आत्याने गूळ घेतला, आमच्या तोंडावरून हात फिरवला आणि बसायच्या आधीच विहिरीचं गाऱ्हाणं सुरू केलं.

"यंदा हिरीनं तळ दावला बग मानसिंगा. आन तळाला भोक पडलंय."

"भोक?"

"मानूस जाईल येवढं. राती झिरपून झिरपून गुडघाभर साठतंय, आन दुपारपातुर त्या भोकात गडप. गावात येवढीच येक हीर आन पल्याड हंबीरराव पाटलांची, दोनच राहिल्यात. ही गेली की आमीबी मेंढरांच्या मागं."

दादाचे डोळे चमकले. मला ते डोळे माहीत होते. तो पूल बांधणाऱ्या पलटणीत होता, इटलीत. तिथले चुनखडीचे डोंगर त्याने पाहिले होते. आख्खा ओढा एका भोकात शिरतो, तिथे कुणीतरी हिरवा रंग ओततो आणि तो रंग डोंगरापलीकडच्या गावातल्या झऱ्यातून निघतो. आत चर्चएवढाल्या गुहा. घरी आल्यापासून तो हेच सांगत असे.

"दादा, तिकडे चुनखडी आहे," मी म्हणाले. मी भूगर्भशास्त्र घेतलं होतं. "पावसाचं पाणी मातीतून आंबट होऊन उतरतं आणि चुनखडी विरघळवतं. आपला काळा कातळ विरघळत नाही. इथे तशी गुहा होऊच शकत नाही."

"मग ते भोक कसलं?"

मला सांगावं लागलं. ज्वालामुखीचा तापलेला रस वाहताना वरून थिजतो, आतला वाहून जातो, मग कधी कधी कातळात पोकळ नळी राहते. क्वचित.

"म्हणजे असू शकते," दादा हसला. "आत्या, हिला कातळाची भीती वाटत नाही, कातळावरच्या पालीची वाटते. आम्ही उद्या बघतो पाणी जातं कुठं. सापडलं तर तिथूनच मोट लावू."

आत्याचा चेहरा असा उजळला की मला पुढे काही बोलवेना.

उंबऱ्यापाशी साळूबाई बसली होती. आत्याकडे शेणगोठा करायची. तिचा नवरा गुंडा हा आत्याचा पूर्वीचा मोटकरी. तीन उन्हाळ्यांमागे तो विहिरीत गाळ काढायला उतरला, त्यानंतर कुणाला दिसला नाही. गळ टाकून पाहिलं, काही लागलं नाही. मग आपोआपच ठरलं की आत्याच्या सासऱ्यांशी भांडून तो मुंबईला गेला असणार. इथली निम्मी माणसं तिकडेच असतात. साळूबाईचं कपाळ तळहाताएवढ्या कुंकवाने भरलेलं होतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "बैलं हुषार हायती हां आमची. त्यांच्या हातची हायती."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही विहिरीवर गेलो. दुपारीच, कारण सूर्य डोक्यावर आला की तळाला उजेड पोचतो. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठापासून एक उतार खाली जातो, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालत गेले की नाडा, म्हणजे जाड दोर, ओढला जातो आणि चामड्याची मोट पाणी घेऊन वर येते. मग त्यांना मागे मागे, पाठमोरं चालवत वर आणायचं की मोट पुन्हा खाली जाते. पाठमोरं चालणं बैलाला आवडत नाही. त्यासाठी प्रत्येक मोटकऱ्याची आपली एक हाक असते, गाण्यासारखी, आणि बैल त्या हाकेला बांधलेले असतात.

आता मोटेवर अर्जुना होता. तरणा, बडबड्या. त्याने नाड्याला मोटेऐवजी फळी बांधली. दादा तिच्यावर बसला, हातात कंदील. मी पायऱ्यांनी तळापर्यंत उतरले. माझं काम एवढंच की दादा भोकातून ओरडेल ते वर अर्जुनाला सांगायचं.

"ताईसाब, भिऊ नगासा," अर्जुना वरून म्हणाला. "खाली पाल बी न्हाई, पान्याबगर कशी जगंल ती?"

तळाला गारवा होता. पाणी पार गेलेलं, नुसता चिखल. आणि मधोमध ते भोक, गोल, कडा गुळगुळीत. त्यातून वारा येत होता. सावकाश बाहेर, मग थोडा थांबून सावकाश आत. मी स्वतःला सांगितलं की हवेचा दाब बदलला की पोकळ्या अशा श्वास घेतात, पुस्तकात आहे. पण त्या वाऱ्याला भिजलेल्या चामड्याचा वास होता. मोटेचा. पुस्तकात वासाबद्दल काही नव्हतं.

दादा माझ्या शेजारून भोकात उतरला. नाडा माझ्या डोळ्यांसमोरून सरकत राहिला. कंदिलाचा उजेड बारीक होत गेला.

"चंद्रे!" त्याचा आवाज घुमत आला. "तुझी नळी! तोफेच्या नळीसारखी गुळगुळीत आहे!"

मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "पाणी आहे... केवढं पाणी आहे, चंद्रे... आवाज ऐकतेस?"

मला ऐकू येत होता. पाणी पडल्याचा. भसकन पडायचं, मग थांबायचं. पुन्हा भसकन.

मग तो एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, "वर घ्या." आणि लगेच, "लवकर."

मी ओरडले. वर अर्जुनाने बैल हाकले. नाडा ताणला, वर सरकू लागला. माझा जीव भांड्यात पडतोय तोच शीळ आली. दातांतून घातलेली, बारीक. आणि तिच्या मागोमाग हाक.

"माऽगं ये रं... माझ्या राजाऽ..."

सावकाश, लाडाने, लांबवलेली. नाडा थांबला. थरथरला. आणि खाली जायला लागला.

"अर्जुना!" मी किंचाळले. "वर! वर घे!"

"बैलं ऐकंनात ताईसाब! मागं चालल्यात!" त्याच्या चाबकाचा आवाज येत होता. "दादासाबांना म्हनावं, आदी गानं बंद करा!"

खालून दादा ओरडला, "चंद्रे, त्या गाढवाला सांग, गाणं थांबव म्हणावं!"

मला दोन्ही ऐकू आलं. अर्जुनाला वाटत होतं दादा गातोय. दादाला वाटत होतं अर्जुना गातोय. आणि मी दोघांच्या मध्ये उभी होते. खरं सांगते, तो आवाज वरूनही येत नव्हता आणि खालूनही नाही. तो माझ्या उजव्या कानाशी, विहिरीच्या भिंतीतून येत होता. कातळ होता तिथे. सपाट, सांधा नसलेला. मी हात लावला तर माझ्या तळव्याला ती हाक जाणवली, एखाद्याच्या छातीवर हात ठेवावा तशी.

"माऽगं ये रं..."

मी नाडा धरला. दोन्ही हातांनी. मी कसली त्याला थोपवते! तो माझे तळवे सोलून खाली जात राहिला.

"चंद्रे... धरलंय गं... कुणीतरी फळी धरलीय..."

वर काय झालं ते मला नंतर कळलं. मोट वर आली की जिथे रिकामी होते, त्या कोरड्या थारोळ्यापाशी साळूबाई बसली होती. हाक कानी पडली तेव्हा ती जागच्या जागी उभी राहिली. अर्जुना सांगतो, ती हसली. मग धावत बैलांसमोर गेली, डोक्यावरचा पदर ओढून एका बैलाच्या कानांभोवती करकचून आवळला आणि अर्जुनाला म्हणाली, "त्यांचा आवाज हाय त्यो. बैलं त्यांचंच ऐकनार. तुजं मुंडासं काढ, दुसऱ्याचं कान बांद मेल्या!"

बैलांना ऐकू येईनासं झालं. ते उभे राहिले. आणि मग चाबूक लागताच धावेवरून खाली पळत सुटले.

दादा भोकातून वर आला तेव्हा कंदील नव्हता. फळीचा अर्धा भाग तुटला होता. मी त्याला मिठी मारली, आणि आम्ही त्या चिखलात तसेच बसून राहिलो. हाक थांबली होती. भोकातला वारा मात्र आत ओढत होता... नुसता आत.

संध्याकाळी ओसरीवर घोंगडी पांघरून तो बसला. वैशाखात. आत्याने त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. अर्जुना खांबाला टेकला होता, साळूबाई पायरीवर. शेवटी दादाच बोलला, माझ्याकडे बघून, जणू मी परीक्षा घेणार होते.

"खाली मोठी पोकळी आहे. पाणी आहे. आणि पाण्याच्या काठाला उतार आहे. धाव आहे, चंद्रे. आपल्यासारखी. कातळात झिजलेली, ओली."

"खाली कोन मोट हाकतंय?" अर्जुना हसायला गेला, पण त्याला हसता आलं नाही.

"बैलांचे खुर नाहीत तिथे. पावलं आहेत. माणसाची. अनवाणी. कातळात बोटभर खोल गेलेली. खाली जाणारी आणि मागे मागे येणारी."

आत्याने तोंडावर हात ठेवला. मी म्हणाले, "दादा, काळ्या कातळात पाऊल उमटायला..." किती वर्षं लागतील, हे मला सांगता येईना. तीन नक्कीच पुरणार नाहीत.

"मोट येकट्याला ओढवत न्हाई," अर्जुना पुटपुटला. "जोडी लागती."

"तेच," दादा म्हणाला. "पावलं एकाच बाजूला आहेत. उजव्या. डावीकडचा कातळ कोरा आहे. आणि मला जे ओढत होतं ना... ते डावीकडे ओढत होतं."

मग साळूबाईने पायरीवरून विचारलं, अगदी शांतपणे, बाजारभाव विचारावा तसं, "दादा, पावलं दमल्यावानी वाटत व्हती का वो?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. "होय," तो म्हणाला. "फरपटत होती."

"व्हय," ती म्हणाली. "त्यांचा गुडगा दुखतुया." उठली, लुगडं झटकलं. "जाते मी, रंगूकाकू."

"अगं, येते म्हनावं!" आत्या खेकसली.

साळूबाईने मागे वळून पाहिलं, पण येते म्हणाली नाही.

सकाळी तिच्या खोपटाचं दार उघडं होतं. चूल सारवलेली, भांडी पालथी घातलेली. ती कुठे गेली हे कुणी बोललं नाही. विहिरीकडे मात्र सगळेच धावले. रात्रभर झिरपून जे गुडघाभर पाणी साठायचं आणि दुपारपर्यंत टिकायचं, ते नव्हतं. ओलसुद्धा नव्हती. चिखल भाजलेल्या विटेसारखा तडकला होता.

दादा सारखा म्हणत होता, "पातळी खचली असेल. भोक मोठं झालं असेल. होय ना, चंद्रे?" मी मान हलवत होते. तसं होऊ शकतं. पण त्याला एक उन्हाळा जावा लागतो, एक रात्र नाही.

तेवढ्यात पाटलांच्या मळ्यातून माणूस बोलवायला आला. गावातली शेवटची विहीर ती, हंबीररावांची, ज्या वर्षी कुणालाच पाणी नसतं त्या वर्षीही भरलेली असणारी. काठावर आख्खा गाव जमला होता. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. आम्ही वाकून पाहिलं.

पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरत होतं. सलग नाही. हातभर खाली जायचं, आणि थांबायचं. भिंतीवर ओली रेघ राहायची. मग पुन्हा हातभर खाली, आणि थांबायचं.

मी मनात मोजू लागले. मग मोजणं सोडून दिलं, कारण माझ्या शेजारी अर्जुनाचे ओठ हलत होते. मोट रिकामी करायला आणि जोडीला मागे आणायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच वेळ ते थांबत होतं.