दिंडोशीच्या टेकडीवरचं शेवटचं वळण

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. दिंडोशीत तेव्हा एवढ्या इमारती कुठे होत्या! टेकडीवरच्या वाडीला जाणारा रस्ता म्हणजे नुसती वळणं. चार पावलं सरळ जाईल तर शपथ! एका संध्याकाळी बालवाडीतली पोरं घरी पाठवून मालन तोच रस्ता चढत होती. बघते तर वळणावर मोजणीची फीत घेऊन एक तरुण आडवा उभा.

"अहो, हा रस्ता इथे सरळ का नाही गेला?"

आता मालनला काय ठाऊक! पण तो इतक्या उत्सुकतेने बघत होता की 'माहीत नाही' म्हणणं तिच्या जिवावर आलं.

"इथे वाघ बसायचा. लोक वळसा घालून जायचे," तिने दिलं ठोकून.

"बापरे! आणि वरच्या वळणाचं काय?"

"ते उद्या!"

झालं! रोज एक वळण, रोज एक लोणकढी थाप. कुठे हट्टी म्हैस, कुठे दोन भावांचं भांडण. त्याचं नाव चंद्रप्रकाश, राहणार नाहूरला, नोकरी रस्त्यांच्या मोजणीची. बघता बघता 'अहो'चं 'अरे' झालं. आई विचारू लागली, "बालवाडी हल्ली उशिरा सुटते का गं?"

पण रस्ता कितीही वळला तरी संपतोच. शेवटचं वळण आलं आणि मालनच्या मनात आलं, इथली गोष्ट संपली की हा कशाला परत येतोय?

"सांग ना. इथे कोण बसायचं?"

तिला थापच सुचेना. "हे मात्र खरं सांगते हं... वाडीतली मुलगी सासरी निघाली, की गाडी इथे थांबवतात. पुढे वाडी दिसत नाही ना... ती पोटभर बघून घेते. रस्ता बांधताना बायकांनी हट्टाने हे वळण ठेवायला लावलं."

"म्हणजे आधीचं सगळं खोटं?"

"हो... तू दुसऱ्या दिवशी यावंस म्हणून."

तो हसतच सुटला. "अगं, वळणं का आहेत हे आमच्या ऑफिसात कोण विचारतंय! मोजणी तर सोमवारीच संपली. तुझ्यासाठी येतोय मी, वेड्यासारखा!"

मालनचे कान तापले. वाऱ्यावर सुकं गवत सळसळत होतं.

"मालन... गाडी थांबली की नवऱ्याने काय करायचं असतं?"

"गप्प उभं राहायचं. ती 'चल' म्हणेपर्यंत घाई करायची नाही."

"जमेल मला."

आणि तो खरंच गप्प उभा राहिला. मालनने वाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"चल," ती म्हणाली. "आधी आईला सांगू."