लाल दोऱ्याचा टोमॅटो

"थांबा! ते उपटू नका!"

वाफ्यात वाकलेला तो मुलगा दचकला. त्याच्या मुठीत माझं टोमॅटोचं रोप होतं... मुळं अजून मातीत होती, नशीब माझं.

"अहो, वाकडं आहे ते. बाजूची बघा, कशी सरळ आलीत."

"मला वाकडंच हवंय."

"असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला आणि हसला.

सत्त्याण्णवचा डिसेंबर होता. एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी वसईजवळच्या गिरीज गावातल्या हरिश्चंद्रकाकांनी मला त्यांच्या वाडीचा एक कोपरा दिला होता. हा त्यांचा मुलगा, स्वरूप. वालीवच्या कारखान्यात नोकरीला, त्या दिवशी सुट्टीवर... आणि कोपऱ्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी समजावलं. वाकड्या रोपाला फळं बारीक, पण घोसच्या घोस लागतात. काकांच्या जातीची फळं मोठी, पण मोजकी. दोन्ही गुण एका झाडात आणायचे होते.

"सगळी झाडं सारखी असली, तर निवडणार काय? आधी फरक हवा."

"म्हणजे दोघांत फरक असला तरच जमतं?" माझ्याकडे बघत त्याने विचारलं.

"मी टोमॅटोंबद्दल बोलतेय."

"मीपण..."

मग कामावर जायच्या आधी तो रोज वाडीत येऊ लागला. मोठ्या जातीची मिटलेली कळी मी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, वाकड्या झाडाचे पराग लावायचे. तो फांदी धरून उभा राहायचा, श्वास रोखून.

"श्वास घेतलास तरी चालेल."

"हात हलला तर तू ओरडशील."

'अहो' कधी गळून पडलं, कळलंच नाही. फुलंही गळत होती, एकामागून एक. सर म्हणाले, विषय बदल. घरी ठरलं होतं, यंदा जमलं नाही तर अंधेरीच्या लॅबमधली नोकरी धरायची. मी मात्र रोज नवी कळी उघडत राहिले. शेवटी एकच फळ धरलं. त्याच्या देठाला मी लाल दोरा बांधला. सगळं बी त्यात होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते तोडायला गेले, तर देठ रिकामा!

"स्वरूप! फळ कुठेय?"

तो धावत आला, देठ पाहिला आणि कपाळावर हात मारला. "दोरा बांधला होतास? आमच्याकडे पहिलं फळ दोरा बांधून देवासाठी राखतात. आईला वाटलं असेल, बाबांनीच बांधला."

"म्हणजे देवळात आहे?"

"देवाला दाखवून घरी आणतात. प्रसाद म्हणून... कोशिंबिरीत."

मी पळत सुटले. स्वयंपाकघरात स्वरूपच्या आईच्या, विमलाकाकूंच्या हातातल्या कढल्यात मोहरी तडतडत होती. खाली वाडग्यात टोमॅटो, कांदा, दाण्याचं कूट.

"काकू, फोडणी नको!"

काकूंचा हात हवेतच थांबला. "अगं, मोहरी चालत नाही का तुला?"

"गरम तेलाने बी मरेल!"

स्वरूपने वाडगा उचलून थेट ओसरीवर आणला. मीठ पडलं होतं, पण नुकतंच. चहाच्या गाळणीत थोडं थोडं घेऊन तो पाणी ओतत होता, मी चिमट्याने बी वेचत होते. कुटातून, कांद्याला चिकटलेलं, एकेक. त्याची बोटं माझ्या बोटांना लागत होती. दोघांनीही हात मागे घेतला नाही.

"आता पुढे?" त्याने हळूच विचारलं.

"यातून येणारी झाडं सगळी सारखीच असतील. त्यांच्या बियांतून मात्र तऱ्हेतऱ्हेची निघतील, तेव्हा खरी निवड. म्हणजे अजून दोन हिवाळे. सरांना सांगेन, घरीही सांगेन. अंधेरीला जाणार नाही मी."

"आणि मला काही सांगायचं नाहीये तुला?"

मी चिमटा खाली ठेवला. "सांगायचंय. मला हा वाफा हवाय, आणि रोज सकाळी तू हवा आहेस... फांदी धरायला नाही, नुसता. आत्ताच सांगते, पुन्हा धीर होणार नाही."

गाळणी त्याच्या हातात तशीच राहिली. पाणी त्याच्या पायांवर गळत होतं.

"भाविका... आईला मी सांगू, की तू?"

"ऐकलंय मी!" आतून काकू म्हणाल्या. "वाडगा आणा इकडे. प्रसाद टाकायचा नसतो."

बिनफोडणीची, पाण्याने धुतलेली, पार बेचव कोशिंबीर. मी दोनदा वाढून घेतली.