काचेच्या आतला हात

गल्लीत त्यांना सगळे मिलिमीटर म्हणत. फोटोंचे प्रिंट काढून त्यांना फ्रेम करणं हा त्यांचा धंदा, आणि अर्ध्या मिलिमीटरवरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणं हा छंद. "मलाही मापं घेऊनच पसंत केलंय यांनी," असं त्यांची बायको दुकानात येईल त्याला ऐकवायची.

एकदा एक ताई जुनी निगेटिव्ह घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्यानं अंगणातून टिपलेली घराची बंद खिडकी. काचेमागे नुसता अंधार. त्या खोलीत त्यांची सहा वर्षांची मुलगी तापानं गेली होती. त्यानंतर हा एक फोटो काढला आणि नवऱ्यानं कॅमेरा कायमचा ठेवून दिला.

"खिडकी होती तेवढीच मोठी करा," ताई म्हणाल्या.

जाड सुती कागदावर तो अंधार मनासारखा उतरवायला दोन दिवस लागले. हातमोजे घालून मिलिमीटरांनी प्रिंट काचेखाली बसवला, मागून पट्टीनं सील केला, पट्टीवर सही केली आणि स्वतः जाऊन ताईंच्या भिंतीवर टांगला.

आठवड्यानं फोन आला. "दादा, काचेवर डाग पडलाय."

"ओल्या फडक्यानं पुसा."

"आतून आहे."

ते गेले. लहान मुलाचा तळवा, पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. फ्रेम करताना कुणा मुलाचा हात लागला असणार, म्हणून मिलिमीटर ओशाळले. पण त्यांच्या घरात काय, दुकानातही मूल नव्हतं. मागची पट्टी शाबूत, सही जशीच्या तशी. सवयीनं त्यांनी ठसा मापला: बारा सेंटिमीटर. मग सील फोडून काच पुसली आणि पुन्हा बंद केली.

वर्षानं परत तेच. या खेपेला साडेबारा. आणि जरासा वर.

बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "ताईंना म्हणालात काही?"

तिसऱ्या वर्षी त्यांनी धीर केला. "ताई, आता पुसू नको का?"

"पुसा ना. नाही पुसलं, तर पुढच्या वर्षी कसं कळणार?"

मिलिमीटरांनी आधी माप टिपून घेतलं, मग सील फोडलं.

वर्षं गेली. नवरा गेला, ताईंचे केस पांढरे झाले. ठसा वाढत वाढत साडेसतरावर थांबला. त्या वर्षी ताईंनी बाहेरून त्यावर आपला हात टेकवला. बोटाला बोट जुळलं. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही.

नंतर दोन वर्षं फोनच नाही. न राहवून मिलिमीटर आपणहून गेले. काच कोरी होती.

"दादा, आमचं काही चुकलं का हो?" ताईंनी विचारलं.

तिसऱ्या वर्षी फोन आला. "लगेच या." आवाज पार बदललेला.

ते धापा टाकत पोहोचले. तळवा नेहमीच्या जागी होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फडकं काढलं.

"थांबा. खाली बघा."

ते गुडघ्यांवर बसले.

काचेच्या अगदी तळाशी, चौकटीला चिकटून, चार ठिपके. वाटाण्याएवढे. नुसती इवल्या बोटांची टोकं. तळवा नाही.

"फ्रेम जरा खाली लावाल का, दादा?" ताई हलकेच म्हणाल्या. "टाचा उंचावून बघावं लागतंय त्याला."