पहिल्या हाकेला हजर

भुताला अमावस्येची रात्रच लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे वाचू नये. ही हकीकत माझ्यासमोर घडली. भर दुपारी घडली.

१९७२ चा जून. मृग कोरडा चालला होता. संगमनेर तालुक्यातले एक कॉलेज. नाव लिहिणार नाही. त्यांची जाहिरात करणे माझे काम नव्हे.

नात मनकर्णा मॅट्रिक झाली होती. आमच्या घराण्यातून कॉलेजात जाणारी पहिली मुलगी. तिचे मन याच कॉलेजवर जडले होते, आणि होकार माझा हवा होता.

लोक कॉलेज पाहतात म्हणजे काय करतात? कमान पाहतात, चहा पितात, परत येतात. मुलगी द्यायचे घर जसे न कळवता पाहावे, तसेच कॉलेज पाहावे. आधी विहीर, मग संडास, मग वसतिगृहाच्या दाराला आतून कडी आहे का ते. प्राचार्यांची खुर्ची सर्वांत शेवटी.

माझा मुलगा श्रीमंत कमानीपाशीच विरघळला.

“आई, काय टोलेजंग काम हाय.”

“कमान काय चाटायचीय? विहिरीला पाणी आहे का ते विचार.”

पाणी होते. कडीही होती. मनकर्णेचा चेहरा उजळत चालला होता.

तेवढ्यात एक तरुण प्राध्यापक सोबत आले. डोक्याला तेल भरपूर, जिभेला लगाम नाही. मला ‘आजीबाई’ म्हणू लागले. दोन बुके वाचली की असे होते.

सुट्टीमुळे वर्ग रिकामे होते. माडीवरची शेवटची खोली त्यांनी उघडली. बाकांवर धुळीचा थर. खिडक्या बंद.

तरीही... आत कोणीतरी नुकतेच बोलायचे थांबले आहे, असे वाटले.

इथे आमच्या घरचा दंडक सांगणे भाग आहे. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला द्यायची. पहिल्या दोन हाका कोणाच्याही असू शकतात. मनकर्णा लहानपणापासून बोटे मिटून हाका मोजायची.

दारातच मी मनकर्णेला या दंडकाची आठवण दिली. ते ऐकून प्राध्यापक हसले.

“आजीबाई, जग चंद्रावर पोचलं. पोरी, बस गं तू पहिल्या बाकावर. हजेरी घेऊन दाखवतो, म्हणजे यांची भीती जाईल.”

“भीती नाही. धूळ दिसतेय मला,” मी म्हटले.

श्रीमंत खालीच होता. मी दारात उभी राहिले. त्यांनी तिला पूर्ण नाव विचारून घेतले आणि छताकडे पाहत पुकारले.

“मनकर्णा श्रीमंत वाकचौरे.”

मनकर्णेने एक बोट मिटले. ओठ बंद.

आणि...

“हजर.”

शेवटच्या बाकावरून.

आवाज तिचाच होता.

“बघा, पहिल्याच हाकेला,” प्राध्यापक खूश होऊन म्हणाले. शिकलेल्या माणसाला आवाज कुठून आला हेही कळू नये.

मी शेवटचा बाक पाहिला. धूळ जशीच्या तशी होती.

“ऊठ,” मी म्हटले.

एस.टी.त श्रीमंत कुरकुरत होता. “पानी हाय, कडी हाय, मग नडलं कुठं?” मनकर्णा पदर तोंडाला लावून रडत होती.

“आजी, मी ओ दिली नव्हती.”

“माहीत आहे.”

“मग कोणी दिली?”

“तू नाहीस. एवढं पुरे.”

तिला नगरला घातले. ती शिकली, नांदायला गेली. विषय संपला, असे मी ठरवले होते.

पुढे काही वर्षांनी अकोल्याच्या एका लग्नात चांगुणा नावाची बाई पाया पडली.

“तुमी मनकर्णाच्या आजी ना? एका वर्गात हुतो आमी.”

“नगरला?”

“न्हाई वं. संगमनेराकडं. ती मागच्या बाकावर बसायची, एकटीच. नाव संपायच्या आत हजर म्हनायची. सर लई कवतिक करायचे.”

मी विचारले, दिसायला कशी होती?

चांगुणा हसली. मग तिचे हसू हळूहळू उतरले.

“आवाज आठवतोय बघा... तोंड न्हाई आठवत.”

मी आयुष्यात कोणाला उठून बोलवायला गेले नाही. बसल्या जागेवरून हाक मारली की घर उभे राहायचे.

आता मनकर्णा माहेरी आली की मी तिला हाक मारत नाही. गुडघे धरून उठते, ती असेल त्या खोलीत जाते आणि तोंड पाहून मगच बोलते.