'सोडा' म्हणायचं राहिलं

विश्वास ठेवायचा नसेल तर इथूनच परत फिरा. माझ्या सख्ख्या बहिणीवर बेतलंय हे. कमेंटमध्ये अक्कल शिकवू नका.

मी स्कॅनच्या मशीनवर काम करतो. काचेआड बसायचं आणि माईकवर बोलायचं. "श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." दिवसभर हेच.

चार वर्षांपूर्वी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका यायचे. फुप्फुसात गाठ, लाखात एखाद्याला होणारी. पुढे माझ्या ताईलाही तीच निघाली.

एकदा फोनवर भांडण्याच्या नादात मी काकांना "सोडा" म्हणायचंच विसरलो. आत गेलो तर माणूस निळा पडलेला.

वर मीच खेकसलो, "कळत नाही का तुम्हाला?"

"तुम्ही सोडा म्हणाला नाहीत," ते धापा टाकत म्हणाले. "बारीक स्क्रू बसवताना श्वास रोखायची सवय आहे मला."

महिन्याभरात ते गेले. गाठीनेच गेले. निदान कागदावर तरी तसंच आहे.

गेल्या मंगळवारी भरदुपारी ताईचा स्कॅन होता. एक फुप्फुस काढून तीन वर्षं झालेली. गाठ परत आलीय की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं.

"ताई, श्वास घे. रोखून धर."

तिने धरला.

"सोड."

ती हलली नाही...

स्पीकरमधून आवाज आला. घड्याळाला किल्ली देतात तसा. कर्र... कर्र...

"ताई, सोड ना गं."

मी आत धावलो. तिचे ओठ काळेनिळे. डोळे माझ्यावर रोखलेले. गदागदा हलवलं. काही नाही.

किल्लीचा आवाज चालूच...

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ताईला मी "सोड" म्हणत होतो. "सोडा" ज्यांना म्हणायचं राहिलं होतं, ते वेगळेच होते.

मी हात जोडले. "काका, चुकलं माझं. सोडा."

श्वास बाहेर पडला... लांबलचक. एका फुप्फुसात मावणार नाही इतका.

रिपोर्ट स्वच्छ आला. घरात सगळे रडले. मी नाही रडलो.

काल ताईचा फोन आला. "बारक्या, तुमच्याकडचे कोण म्हातारे फोन करतात रे? पुढच्या स्कॅनची तारीख विचारत होते."

"तू सांगितलीस?"

"सांगितली की. छान बोलले. म्हणाले, त्या दिवशी सोडा म्हणायला मी असेन. तेवढं विसरलो नाही म्हणजे झालं."