बापूजींचा गिझर तापत नव्हता

आधीच सांगते, हे रचलेलं नाही. ज्याच्यासोबत घडलं तो बादल माझा सख्खा मामेभाऊ आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला राग नाही.

आणि अमावस्येची रात्र, स्मशान, असलं काही शोधत बसू नका. भर दुपार होती. गेल्या वर्षीच्या संक्रांतीआधीची थंडी. महागावच्या टोकाचं एक साधं स्लॅबचं घर.

बादल गिझर बसवतो, दुरुस्तही करतो. टेस्टर, मीटर सगळं पिशवीत असतं. पण शेवटी नळाखाली स्वतःचा हात धरल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. घरी तान्ह्या ओमच्या आंघोळीचं पाणीही तोच बघायचा. बायकोचे, बबिताचे हात चुलीपाशी निबर झालेले. तिच्या अंदाजावर पोरगं एकदा लालेलाल झालं होतं. तेव्हापासून बादलने हात घातल्याशिवाय ओमच्या अंगावर तांब्या ओतायचा नाही, हा घरचा कायदाच होता.

त्या दुपारी बापूजींनी बोलावलं. म्हातारा शेतकरी, तूर काढायची सोडून घरी बसलेला. गिझर तापत नाही म्हणाले. आधी दोन मिस्त्री येऊन गेले होते. एकाने कॉइल बदलली, दुसऱ्याने थर्मोस्टॅट. तरी पाणी थंडच.

बादलने झाकण उघडलं. बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षार धरतो, तोही नव्हता. करंट बरोबर. लाल दिवा लागला, थोड्या वेळाने विझला, म्हणजे पाणी तापलं. त्याने नळ सोडला...

वाफ.

आरसा पांढरा झाला. म्हातारपणी माणूस लहरी होतो, बादलला वाटलं. सवयीने त्याने हात पुढे केला आणि चटका बसताच मागे घेतला.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

म्हातारीचा हात होता. सुरकुतलेला, ओला. आजी कधी आत आल्या ते त्याला कळलंच नाही. त्यांनी त्याचा हात पुन्हा नळाखाली नेला. स्वतःचाही सोबत धरला.

"थंडंच हाय ना, बाप्पा?"

आणि खरंच... पाणी थंड लागत होतं.

मनगट सुटलं. बादल वळला.

मागे कुणी नव्हतं.

बाहेर बापूजी खाटेवर बसले होते. बादलने सांगितलं, गिझर चांगला आहे, आजींना म्हणावं पाणी कढत आहे, हात भाजेल.

बापूजी खाटेवरून अर्धे उठले.

"तुले दिसली?"

"हातच दिसला."

"मले तेवढाबी नाही दिसत," ते म्हणाले.

त्यांची बायको तानाबाई दिवाळीतच गेली होती. शेवटी शेवटी हातपाय गार पडले होते. कितीही शेका, थंडी वाजते म्हणायची. अजूनही सकाळी न्हाणीतून तिचा आवाज येतो, पाणी थंड आहे म्हणून. बापूजींनी हे कापसाचा भाव सांगावा तसं सांगितलं. वर विचारलं, मोठा गिझर घेतला तर जमेल का?

आपण आता घाबरायला पाहिजे, असं बादलला वाटलं.

पण भीती आलीच नाही. काहीच आलं नाही.

संध्याकाळी हातावर टरारून फोड आले. आग नाही, दुखणं नाही. सुई टोचून पाहिली, दुखली. बर्फ धरला, झोंबला. फक्त गरम तेवढं कळेना. उमरखेडच्या डॉक्टरांनी नस दबली म्हणून गोळ्या दिल्या.

मग ओमचं पाणी तो डाव्या हाताने बघू लागला. थोड्याच दिवसांत डावाही गेला. त्याच दिवशी बापूजींचा फोन आला. खूश होते. म्हणाले, तू काय केलं माहीत नाही, पण आता पाणी कोमट लागते म्हणते तानाबाई.

बादलने फोन ठेवला. बबिताला म्हणाला, ओमचं पाणी आता तू बघत जा. का ते सांगितलं नाही. तिथेच चुकलं त्याचं.

एका सकाळी तो न्हाणीपाशी आला, तर बादलीतून वाफा निघत होत्या. बबिताचा एक हात कोपरापर्यंत पाण्यात. कातडी लाल झालेली. ओम उघडा, पाटावर बसलेला.

"काहून तापून नाही राह्यलं हे?" तिने विचारलं. "थंडंच हाय."

दुसऱ्या हातात भरलेला तांब्या होता.

बादलने झडप घातली. तांब्या पडला. पाणी पाटावरून ओमच्या पायांवर गेलं. तळवे लालबुंद झाले. दोघांनी एकदम पोराकडे पाहिलं.

ओम रडला नाही.

पाण्यात हात आपटत होता... हसत.

त्याला दवाखान्यात नेलं. मलमपट्टी झाली. तिथून बादल सरळ बापूजींच्या घरी गेला. कुणाला न विचारता न्हाणीत शिरला, गिझर लावला, नळ सोडला आणि दोन्ही हात धारेखाली धरले.

"माझं राहू दे, आजी. बबिताचंबी ठेव. पोराचं तेवढं वापस दे."

न्हाणी वाफेने भरली. मनगट कुणी धरलं नाही. टाकीतलं गरम पाणी संपेपर्यंत तो तसाच उभा होता. संपलं कधी, ते त्याला कळलं नाही.

बाहेर आला तर बापूजी खाटेवर बसून रडत होते.

"काल चांगलं गरम लागलं म्हणे," ते म्हणाले. "आन् मंग आवाजच बंद झाला तिचा."

ओमच्या पायाचे फोड बरे झाले. आता तो चालतो. त्याच्या आंघोळीचं पाणी शेजारच्या सुखीबाई येऊन बघतात. बादल कामाला जातो, जेवतो, झोपतो. विचारलं तर म्हणतो, बरं आहे सगळं.

परवा गेले होते. ओम पळत येऊन मांडीवर बसला. हात गार होते त्याचे. मी चोळत बसले, तर माझ्याकडे बघून बोबडं बोबडं पहिल्यांदाच अख्खं वाक्य बोलला.

थंडी वाजते म्हणाला.

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं.