तिरका सुळा

कवळीवाल्याची एक खोड होती: सगळे दात सरळ रांगेत बसवायचे नाहीत. एखादा किंचित तिरका ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याला संशय येत नाही. "अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं," असं तो बायकोला मिशीतल्या मिशीत हसत सांगायचा.

आईच्या कवळीत मात्र त्याचा जीव अडकला होता. वडील गेल्यापासून तिने पातळ अन्नाशिवाय काही घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "चावून खाल्लं नाही तर हा हिवाळा काढणार नाहीत." त्याने इतर कामं बाजूला सारली, तिच्या हिरड्यांचा साचा घेतला, मेणात दात रोवले आणि लहानपणी पाहिलेलं तिचं हसू आठवून डावा सुळा बाहेर कलता ठेवला.

आईने कवळी घातली, आरसा धरला आणि तिचा चेहरा उतरला.

"हा सुळा माझा नाही रे."

"अगं, मला चांगला आठवतोय."

"माझे सरळ होते. तुझेही माझ्यावरच गेलेत. हा तुझ्या बापाचा."

तो वरमला. आई नेहमी तोंडावर हात ठेवून हसायची. त्याने इतक्या जवळून पाहिलेलं तोंड वडिलांचंच होतं, दात खात अंगावर येणारं. "उद्या सरळ करून देतो," तो म्हणाला. पण तेवढ्यात आईने पावाचा कडक तुकडा उचलला आणि कराकरा चावला. मग दुसरा. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. चाललंय ते चालू दे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

आईच्या अंगावर मांस चढलं. ती फक्त डाव्या बाजूने चावायची, मान खाली घालून, कुणी ताट हिसकावेल अशी भराभर.

एका दुपारी बायकोने त्याला खुणेनेच बोलावलं. आई गाढ झोपली होती. तोंड उघडं, हिरड्या मोकळ्या. कवळी उशाशी वाटीतल्या पाण्यात होती. आणि खोलीत कुणीतरी करकर दात खात होतं.

"मामंजी असेच दात खायचे का?" बायकोने विचारलं.

दुसऱ्या दिवशी आईला आंघोळ घालताना बायकोने हाक मारली. खांद्याच्या मागे, जिथे आईचा स्वतःचा हातही पोचत नव्हता, तिथे चावल्याची ताजी खूण होती. एक दात रांगेबाहेर. त्या खुणेखाली तशाच जुन्या, पांढऱ्या पडलेल्या खुणा.

"जुनंच आहे ते," आई म्हणाली. टॉवेलला रक्त लागलं होतं.

त्याने आईची कवळी उचलली. तडक दुकानात जाऊन त्याने तो सुळा उपटला, कानशीने घासून त्याची भुकटी केली आणि नवा, सरळ दात बसवला.

आईने आरशात पाहिलं. तोंडावर हात न ठेवता ती हसली. "हे माझे."

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. आई दोन्ही बाजूंनी सावकाश चावत होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही कधीपासून एकाच बाजूने चावायला लागलात?"

तो थांबला. जीभ डावीकडे फिरली आणि सुळ्यावर अडखळली.

आईने मुलाकडे पाहिलं नाही. हात लांबवून तिने सुनेच्या खांद्यावरची शाल नीट वर ओढली.